छत्तिसाचा आकडा

सासुरवाडीत जावयाला काही येत नसलं तरी कुणाचं अडत नाही. त्याने वेळेवर जेवावं, तोरण्याकडे बघत 'यंदा धुकं लवकर उतरलं' असं काहीतरी बोलावं आणि निघताना आंबेमोहराचं पोतं डिकीत ठेवू द्यावं. माझी सासुरवाडी वेल्हे तालुक्यातली. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण सासूबाई अजून वेल्हेच म्हणतात आणि सासूबाईंना दुरुस्त करायची आमच्या घरात पद्धत नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं मी ही जावईगिरी चोख बजावली. घोळ सुरू झाला तो मला गणित येतं ही बातमी खोऱ्यात पसरल्यापासून.

पसरवली मीच.

बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, टेकडीवर फिरतात, फार तर होमिओपथी शिकून शेजाऱ्यांवर प्रयोग करतात. मी माळ्यावरून एम.एस्सी.च्या वह्या काढल्या. त्या काळी आम्हाला ग्रुप शिकवले होते, पण क्वाझिग्रुप आणि लूप या मंडळींची बोळवण सरांनी 'हे परीक्षेला नाही' एवढ्यावर केली होती. नोकरीची सगळी वर्षं परीक्षेला असलेल्याच गोष्टी केल्या होत्या, तेव्हा म्हटलं, आता हे बघू.

क्वाझिग्रुप म्हणजे काही भयंकर नाही. दोन घटक घेतले की तिसरा मिळतो, आणि तिघांतले कुठलेही दोन सांगितले की उरलेला एकच, नक्की सापडतो. इतकीच अट. वजाबाकी घ्या. दहातून किती गेले म्हणजे सात उरतात? कशातून तीन गेले म्हणजे सात उरतात? दोन्ही प्रश्नांना एकेकच उत्तर. पण वजाबाकीत कंस हलवायची सोय नाही. दहातून पाच काढले आणि मग दोन काढले तर तीन उरतात. पाचातून आधी दोन काढून, जे उरेल ते दहातून काढलं तर सात. क्वाझिग्रुपमध्ये बेरजेतल्या शून्यासारखा कुणालाही न बदलणारा घटक असला की त्याला लूप म्हणतात. आणि लूपमध्ये कंस कुठेही टाकायची मुभा मिळाली की तो ग्रुप.

ही मुभा काढून घेतली की भल्याभल्यांचे हाल होतात. ग्रुपच्या आत छोटा ग्रुप असेल तर त्याची सदस्यसंख्या मोठ्याच्या संख्येला भागते, हे पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतात. लूपमध्ये हे सरसकट खरंच नाही. जर्मनीतल्या रूथ मूफांग यांनी १९३० च्या दशकात ज्या लूपचा अभ्यास सुरू केला, ते त्यातल्या त्यात सज्जन म्हणायचे. त्यांच्यासाठी हेच वाक्य सिद्ध व्हायला २००५ साल उजाडलं. असल्या विषयात निवृत्त बँकवाल्याने पडू नये, हे मला कळायला हवं होतं. उलट मला वाटलं, इथे अजून जागा शिल्लक आहे.

माझी नजर होती ती या विषयातल्या सगळ्यात साध्या दिसणाऱ्या कोपऱ्यावर, म्हणजे लॅटिन चौकोनांवर. क्वाझिग्रुपचा पाढा चौकोनात मांडला की प्रत्येक आडव्या रांगेत प्रत्येक घटक एकदाच येतो, उभ्या रांगेतही एकदाच. रोज सकाळी पेपरातलं सुडोकू भरणारे काका नऊ घटकांचा क्वाझिग्रुपच भरत असतात, फक्त त्यांना तसं कुणी सांगितलेलं नसतं. मी ते सगळ्यांना सांगत सुटलो होतो. माघातल्या एका संध्याकाळी, सासुरवाडीच्या पडवीत चहा पिताना, धाकट्या मेहुण्यालाही सांगितलं.

मेहुणा दूध डेअरीचा सचिव. समोरचा बोलत असताना तो मान हलवतो आणि फॅट किती लागली असेल याचा विचार करतो, असा माझा समज होता. पण त्या दिवशी त्याने कप खाली ठेवला.

"म्हंजे दाजी, आडव्या रांगेत बी एकदाच आन् उभ्या रांगेत बी एकदाच?"

"एकदाच."

"कुणी पुढं न्हाय, कुणी मागं न्हाय?"

"बरोबर."

"मग आपल्या पथकाचं तेवढं बसवून द्या की."

पथक म्हणजे चैत्रातल्या जत्रेचं, सहा गावांचं मिळून केलेलं ढोल-लेझीम पथक. गावांची नावं देत नाही, मला अजून त्या रस्त्याने जायचं असतं. आदल्या वर्षी एका गावाचे सगळे ढोल पुढे लागले. मागे राहिलेल्या गावाने मानपानावरून वाजवणंच थांबवलं आणि पालखी अर्ध्या वाटेवर मुकी झाली. आता ठरलं होतं असं, की प्रत्येक गावाने सहा माणसं द्यायची: एक ढोल, एक ताशा, एक झांज, एक टोल, एक लेझीम आणि एक झेंडा. झाले छत्तीस. सहा रांगांत सहा-सहा उभे करायचे. प्रत्येक आडव्या रांगेत प्रत्येक गावाचा एक माणूस हवा, उभ्या रांगेतही हवा. वाद्यांचंही तसंच, कारण सगळे ढोल एका बाजूला आले की दुसऱ्या बाजूला नुसती झांज ऐकू येते.

मी उडालोच. हा तर जसाच्या तसा ऑयलरचा प्रश्न! लिओनार्ड ऑयलरने सहा पलटणींचे, सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी घेतले होते. इथे पलटणींच्या जागी गावं आणि हुद्द्यांच्या जागी ढोल-ताशे. म्हणजे दोन लॅटिन चौकोन, एक गावांचा आणि एक वाद्यांचा, एकमेकांवर असे जुळवायचे की गाव-वाद्याची प्रत्येक जोडी एकदाच यावी. ऑयलरला ते जमलं नाही. १७८२ साली छापून आलेल्या निबंधात त्याने अंदाज बांधला की सहाच काय, दहा, चौदा, अठरा, बावीस, अशा चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच आकड्याला हे जमणार नाही. ऑयलरसारख्या माणसाने म्हटल्यावर पुढची १७७ वर्षं त्याला कुणी खोटं पाडलं नाही. पाडलं ते १९५९ मध्ये, आणि पाडणाऱ्या तिघांत एक आपला माणूस होता.

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म सागरचा, शिक्षण नागपूरचं, पीएच.डी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला राजचंद्र बोस यांच्याकडे. गुरुशिष्यांनी मिळून आधी बावीसचा चौकोन जुळवून दाखवला. त्यांची रीत बघून अर्नेस्ट पार्करने दहाचा जुळवला. मग तिघांनी मिळून ऑयलरचा अख्खा अंदाज निकालात काढला. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर घेतली. गणिताची बातमी, पहिल्या पानावर! त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सायंटिफिक अमेरिकनच्या मुखपृष्ठावर दहाचा चौकोन रंगीत चित्र होऊन आला. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १०२ वर्षांचं आयुष्य जगून २०२० मध्ये गेले. दहाचे दोन चौकोन असे जुळतात हे या तिघांमुळे कळलं, पण प्रत्येक जोडी एकमेकींशी जुळेल असे तीन चौकोन दहाला मिळतात की नाही, हे आजतागायत कुणालाही ठाऊक नाही. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून मी हाच प्रश्न हाती घेतला होता. त्यापुढे सहा म्हणजे हातचा मळ.

तरी खबरदारी म्हणून लहान आकड्यांवर करून बघितलं. तीन गावं, तीन वाद्यं: बसलं. चार: पत्त्यांतले एक्के, राजे, राण्या आणि गुलाम घेऊन हे कोडं फ्रान्समध्ये १७२५ च्या एका पुस्तकातही आहे, तेही बसलं. पाच: प्रत्येक रांग सरकवत गेलं की आपोआप बसतं. तीन, चार, पाच झाले म्हणजे सहा होणारच, असा निष्कर्ष सातवीतल्या पोराने काढला तर मास्तर कान धरतात. माझे कान धरायला तिथे कुणी नव्हतं.

देवळात सहा गावांची बैठक झाली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जगातला सगळ्यात मोठा गणिती म्हणाला होता, हे जमणार नाही. आपल्या माणसाने त्याला खोटं ठरवलं. आता तुम्ही निश्चिंत राहा." टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी "श्रीखंडाचं जेवान हाय का?" असं विचारलं, ते सोडल्यास सभा गंभीर होती.

मेहुणा दुसऱ्याच दिवशी नसरापूर, कापूरहोळ करत भोरला गेला आणि फ्लेक्स छापून आला. भोरच्या राजवाड्यात सिनेमांची शूटिंगं होत असतात, त्यामुळे मोठ्या चेहऱ्यांची तिथे कुणाला नवलाई नाही. माझाही चेहरा त्याच मापाने मोठा केलेला होता. फोटो लग्नातला, सुटातला. शेजारून बायकोला कापलं होतं, पण तिचा हात माझ्या कोपरावर तसाच राहिला होता. खाली 'आमचे मार्गदर्शक, गणिततज्ज्ञ दाजी', त्याखाली शुभेच्छुकांचे चाळीसेक अंगठ्याएवढे फोटो. हा फ्लेक्स फाट्यावर लागला. एस.टी.तून उतरणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा मला बघायचा आणि मग तो हात कुणाचा हे शोधायचा.

मी जुन्या लग्नपत्रिका कापून छत्तीस चिठ्ठ्या केल्या. गावाप्रमाणे कडा रंगवल्या, मागे वाद्य लिहिलं. काही चिठ्ठ्यांवर गणपतीचा अर्धा कान यायचा, काहींवर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' मधलं नुसतं 'हं'. पडवीत सतरंजी टाकून बसलो. पहिल्या तीन रांगा झटक्यात लागायच्या. चौथी कुरकुरायची. पाचवीत दोन जागा अडल्या की मागे जाऊन दुसरी मोडायची, ती मोडली की पहिलीचा काही उपयोग उरायचा नाही. तोरण्यावरून वारा आला की सगळंच पहिल्यापासून. मग प्रत्येक चिठ्ठीवर चिंचोका ठेवायला लागलो. ते सासूबाईंच्या कोंबडीला खाण्याचे वाटले. जाणारे-येणारे अंगणात थांबून चौकशी करायचे, "पाव्हणं, एकटंच खेळताय जनू?" तिसरीतल्या एका पोराने बराच वेळ बघून सांगितलं की हा ढोल इकडे आणि तो झेंडा तिकडे ठेवा. ठेवून पाहिलं. माझ्यापेक्षा त्याचं एक घर जास्त जुळलं होतं.

अशक्य गोष्टीची खोड अशी की ती 'अशक्य' असं कधी तोंडाने म्हणत नाही. दर वेळी 'थोडक्यात हुकलं' एवढंच म्हणते. आणि थोडक्यात हुकलेला माणूस उठून घरी जात नाही. माझं जेवण पडवीत यायला लागलं. बायको पुण्याला निघून गेली, जाताना म्हणाली, "फ्लेक्सवरचा हात तेवढा परत पाठवा."

शेवटी एका रात्री चौतीस घरं लागली. वीज गेलेली होती, मोबाइलच्या उजेडात मी पुन्हापुन्हा मोजलं. चौतीस! राहिलेली भानगड फक्त दोन गावांपुरती होती. एका गावाचा ताशेवाला दोन ठिकाणी उभा होता आणि त्याच गावाच्या ढोलवाल्याला कुठेच जागा नव्हती. दुसऱ्या गावाचा ढोलवाला दोन ठिकाणी आणि ताशेवाला हद्दपार. मला वाटलं, एवढं तर सकाळपर्यंत सरळ करू.

सकाळी मुलीला फोन लावला. आमच्याकडे रेंज देवळामागच्या पिंपळाखाली येते, तीही एका ठरावीक फांदीखाली. मुलगी इंजिनिअर आहे, तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला.

"बाबा, ते प्रमेय पूर्ण वाचलं होतं का तुम्ही? बोस, श्रीखंडे, पार्कर... इथे लिहिलंय, दोन आणि सहा सोडून."

"काय सोडून?"

"सहा, बाबा."

ऑयलर दहाला चुकला, चौदाला चुकला, बावीसला चुकला, तिथून पुढे कायमचा चुकला. नेमका माझ्याच आकड्याला बरोबर होता. आणि हे कुणी सिद्ध केलं होतं? गास्तों तारी या गृहस्थाने, १९०० साली. अल्जीरियात फ्रेंच सरकारच्या अर्थखात्यात नोकरी, गणित नादापुरतं. सहाचे चौकोन प्रमाण रूपात मांडले तर ९४०८ होतात. तारीने त्यांचे सतरा प्रकार पाडले आणि एकेक तपासून दाखवलं की एकालाही जोडीदार नाही. माझ्यासारखाच आकडेमोडीच्या नोकरीतला माणूस! त्याने हिशेब मिटवून वही बंद केली, आणि मी सव्वाशे वर्षांनी तेच खातं पुन्हा उघडून बसलो होतो. चौतीसच्या पुढे जाताच येत नाही, हेही तेव्हाच कळलं. एखाद्या गावाचा एक माणूस बेपत्ता झाला की त्याच गावाचा दुसरा दुबार होतो, मग ती दोन वाद्यं जुळवायला आणखी एका गावात तसाच घोळ लागतो. एकट्याने कुणी उरतच नाही, उरतात ते कमीत कमी दोन. त्या अंधाऱ्या रात्री मी मानवजातीला शक्य तेवढं सगळं केलेलं होतं. पिंपळाखाली याचा फारसा आनंद झाला नाही.

बैठकीला मी चौतीसचा चौकोन घेऊन गेलो. मोठ्या कागदावर, स्केचपेनने. "जवळजवळ झालंय," असं म्हणून सुरुवात केली. ज्यांचा ढोलवाला गायब होता ते गाव उठून उभं राहिलं. ज्यांचा ताशेवाला गायब होता ते त्यांच्या आधी उभं राहिलं होतं. एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "आन् आमच्या ताशेवाल्याला दोन जागी हुबा करायचा, म्हंजे त्याला मधनं चिरायचा का?"

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला नुकतंच कळलं होतं की २०२२ मध्ये आयआयटी मद्रास आणि पोलंडमधल्या क्राकोच्या संशोधकांनी जवळपास तेच केलंय. त्यांनी ऑयलरचे अधिकारी क्वांटमचे केले. मग एकच अधिकारी थोडा या हुद्द्याचा आणि थोडा त्या हुद्द्याचा, थोडा या पलटणीचा आणि थोडा त्या पलटणीचा असू शकतो, शिवाय त्याचं दुसऱ्याशी गुंतलेलं असतं. अशा छत्तीस जणांचा चौकोन बरोबर लागतो. मी हे सभेला समजावून सांगितलं. सभेला ते समजलं. म्हणजे असं समजलं की गणिततज्ज्ञ दाजी म्हणतात, या गावची माणसं अर्धी त्या गावची आहेत. पुढचं लिहीत नाही. मेहुण्याने मला मोटारसायकलवर मागे बसवून देवळाच्या मागच्या वाटेने घरी आणलं.

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि मेहुण्याला म्हणाल्या, "वरच्या वाडीवाले कवाधरनं रुसल्यात. त्यांना सुदिक घ्या की. न्हायतरी जावईबापूंना कामच हवंय."

म्हणजे सात गावं.

सात! चहा उकळेपर्यंत झालं. आडव्या रांगांना शून्यापासून सहापर्यंत क्रमांक द्यायचे, उभ्यांनाही. दोन्ही क्रमांकांची बेरीज करून सातने भागायचं, बाकी राहील तो गावाचा क्रमांक. उभ्या रांगेचा क्रमांक दुप्पट करून त्यात आडवीचा मिळवायचा, सातने भागायचं, बाकी राहील ते वाद्य. एकोणपन्नास घरं, एकही चूक नाही. सात ही मूळ संख्या, तिथे हे असं सरळ चालतं. सहाला का चालत नाही याचं एका ओळीत सांगण्यासारखं कारण मला अजून सापडलेलं नाही. नंतरच्या सिद्धता तारीच्या मानाने छोट्या आहेत, पण एका ओळीच्या नाहीत. सातवं वाद्य म्हणून मशाल धरली, ती कुणालाही धरता येते. वरच्या वाडीवाले दोन दिवस आढेवेढे घेऊन आले.

जत्रेच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मी चुन्याने चौकोन आखले आणि एकोणपन्नास जणांना आपापल्या जागी उभं केलं. कुठूनही बघा, आडवं बघा, उभं बघा: सात गावं, सात वाद्यं. सायंटिफिक अमेरिकनच्या मुखपृष्ठाला शोभलं असतं. मी फोटो काढला. पालखी उठली, ताशा कडाडला आणि पथक मैदानातून गावच्या गल्लीत शिरलं.

गल्लीत समोरून बैलगाडी आली तर माणसाला ओट्यावर चढावं लागतं. सात माणसं शेजारी शेजारी? दोघांची खांदाभेट होत होती. पहिली रांग दोन-दोन करून आत गेली, दुसरी तिच्यात घुसली, झेंडेवाले वरच्या वायरी चुकवायला कडेला सरकले, मशालवाल्यांना लोकांनी पागोळ्यांपासून लांब, सगळ्यात मागे हाकललं. देवळापाशी पोचेपर्यंत एकोणपन्नास जणांची एक लांबलचक वेटोळी रांग झाली होती. तिच्यात कुठलं गाव पुढे आणि कुठलं मागे हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. वाजवलं मात्र झकास. मी कागद हातात घेऊन ओट्यावर उभा होतो, खालून जाणारा प्रत्येक जण "दाजी, एक नंबर!" असं ओरडून पुढे जायचा.

सकाळी पोतं डिकीत ठेवताना मेहुणा खूश होता.

"दाजी, पुढच्या साली धा गावं येत्यात. वाद्यं बी धा करू. आन् फेट्याचं रंग धा."

"रंगांचं काय?"

"रंग बी तसंच की. रांगेत परत्येक रंग एकदाच. एका गावाला एक रंग एकदाच आन् एका वाद्याला बी एक रंग एकदाच. मैदानातच वाजवू, गल्ली नको." त्याने डिकी आपटून बंद केली. "म्या भोरला फोन केलाय. फ्लेक्सला फोटू त्योच ठेवलाय, हातासकट."